आत्या 'वाताने' गेली तेव्हा उत्तर छापून वीस वर्षं झाली होती

1958 साली 'लॅन्सेट' या लंडनच्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात नागपूरच्या मेडिकल कॉलेजातल्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचा छोटासा लेख आला. विषय होता मध्य भारतातला सिकलसेल. तीन वर्षांनी उमरेड तालुक्यातल्या एका खेड्यात माझी आत्या जन्मली आणि 1978 मध्ये, सतराव्या वर्षी गेली. घरात अजूनही म्हणतात, "वातानं गेली पोरगी."

आज या दोन गोष्टींमधल्या अंतराबद्दल लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण पूर्ण वाचा.

आपलं मेडिकल 1947 चं. आरोग्य विद्यापीठ 1998 मध्ये आलं, त्याआधी ते नागपूर विद्यापीठाकडेच होतं. म्हणजे ते संशोधन आपल्याच विद्यापीठातलं. आणि ते जगाच्या मागे नव्हतं बरं का. 1910 मध्ये शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी विळ्यासारख्या वाकड्या रक्तपेशींची पहिली नोंद छापली. 1949 मध्ये लायनस पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनमध्ये असल्याचं दाखवलं. त्यातला नेमका एकच अमिनो आम्लाचा घटक बदललेला असतो, हे केंब्रिजच्या व्हर्नन इंग्रॅम यांनी 1957 मध्ये सांगितलं. भारतात हा दोष 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये सापडला होता. आणि 1958 मध्ये नागपूर! त्याच वर्षी 'ब्लड' या अमेरिकन नियतकालिकातही इथल्या कामावर लेख आला.

मग आत्यापर्यंत हे का पोचलं नाही? गाव तर नागपूरपासून पन्नास किलोमीटरही नव्हतं.

एक कारण उघड आहे. लेख इंग्रजीत होता, डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेला. दुसरं कारण मला फार उशिरा कळलं. त्या काळच्या अभ्यासात जातवार नोंदी असायच्या. महार समाजात प्रमाण जास्त दिसलं. कुणबी आणि तेली समाजातही दोष सापडला होता. पण लोकांच्या तोंडी एवढंच राहिलं, की हा 'त्यांचा' आजार. ज्यांच्यावर शिक्का बसला त्यांनी पोरींची लग्नं मोडतील म्हणून लपवलं. आणि आमच्यासारख्या घरांनी तपासलंच नाही. माझ्या चुलतभावाचे सांधे सुजायचे, हाडं ठणकायची, डोळे पिवळे व्हायचे. तेव्हा एका डॉक्टरांनी आजीला सांगितलं, "तुमच्यात हे नसते हो."

होतं ना बाप्पा! भावाचा रिपोर्ट शेवटी आला: एसएस. म्हणजे आई आणि वडील दोघंही वाहक. मी तपासलं, मी एएस, वाहक. मग आजीला आत्याचं दुखणं विचारलं. तिनं जे सांगितलं ते भावाच्या दुखण्यासारखंच होतं. आत्याचा रिपोर्ट कुठे नाही, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही. पण त्या दिवसापासून आजी 'वात' हा शब्द बोलली नाही.

आजार जात बघून येत नाही. 1954 मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं, की वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून काही संरक्षण मिळतं. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तिथे हा दोष टिकला. आपला विदर्भ, जंगलाचा आणि तापाचा मुलूख, त्यातलाच. लग्नं आपापल्यातच होतात, म्हणून काही समाजांत तो जास्त दिसतो. बस, इतकंच.

पुढे ज्ञान घरापर्यंत आणायचं काम केलं ते एका बापानं. नागपूरच्या संपत रामटेके यांच्या मुलाला सिकलसेल होता. त्यांनी सिकलसेल सोसायटी उभी केली, गावोगाव फिरले. 2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आला, त्यामागे अशा लोकांचा रेटा होता. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2020 मध्ये ते गेले.

संशोधनही थांबलं नाही. हायड्रॉक्सियुरिया हे औषध कमी, ठराविक मात्रेत, किलोमागे 10 मिलिग्रॅम, मुलांना दिलं तर दुखण्याचे झटके खूप कमी होतात, हे मेडिकलमधल्या अभ्यासानं 2012 मध्ये दाखवलं. भारतातला सिकलसेल सौम्य असतो असं म्हटलं जायचं. नागपुरात नवजात बाळांची तपासणी करून त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावर ते सरसकट खरं नाही, हेही दिसलं.

1 जुलै 2023 ला शहडोलमधून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. चांगलंच आहे. पण आमच्या गावात एकदा एक पथक आलं होतं. बोटाला टोचलं, नावं लिहून घेतली आणि गेलं. रिपोर्ट आजवर आला नाही. कुणाच्या तरी प्रबंधात आम्ही टक्केवारी म्हणून असू.

म्हणून विद्यापीठांत जीवविज्ञानाचा नवा प्रकल्प मंजूर झाल्याची बातमी आली, की अभिनंदन जरूर करा, पण एक विचारा: ज्यांचं रक्त घेणार, त्यांना निकाल कधी आणि कोणत्या भाषेत देणार?

आणि आपल्या घरात लग्न ठरत असेल तर आधी दोघांचं रक्त तपासा. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते. सरकारी दवाखान्यात तपासणी होते. रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय मात्र उठू नका.