लिबसी ५ ते ग्लिबसी २ : डेबियनमधील एक स्थित्यंतर

लिनक्सवरील बहुतेक प्रोग्राम सी भाषेच्या एकाच सामायिक लायब्ररीवर विसंबून असतात. १९९७ मध्ये ग्लिबसी २.० उपलब्ध झाल्यावर जुन्या लिबसी ५ चा त्याग अटळ ठरला. परंतु दोन्ही लायब्रऱ्या एकाच प्रोग्राममध्ये शिरल्यास तो कोसळण्याचा धोका होता. रेड हॅटने डिसेंबर १९९७ मधील ५.० आवृत्तीत हे संक्रमण केले. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या डेबियनने नव्याने बांधलेल्या लायब्ररी-पॅकेजांच्या नावाअखेर ‘जी’ हे अक्षर जोडले; ‘झेडलिब१’शेजारी ‘झेडलिब१जी’ नांदू लागले. युक्ती वरवर क्षुल्लक वाटते. तथापि सर्व पॅकेजे एकाच दिवशी बदलण्याची सक्ती तिच्यामुळेच टळली. जुलै १९९८ मध्ये ‘हॅम’ ही २.० आवृत्ती प्रसिद्ध झाली. लिबसी ५ कालांतराने लुप्त झाली. ‘झेडलिब१जी’मधील ते अक्षर मात्र डेबियनमध्ये अद्याप टिकून आहे.