पाकिटाच्या पाठीवरची मोहीम

आपल्या बॅचच्या ग्रुपवर गेले काही महिने उत्तराखंडच्या ट्रेकचा बेत शिजतो आहे. बरोबर न्यायच्या सामानाची यादी रोज वाढते. मग कोणीतरी "घोडे मिळतील ना?" असं विचारतं आणि चर्चा तिथेच थांबते. स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचं लिही, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. मी सॉफ्टवेअरमधली, इतिहास आपल्या बाईंनी शिकवला तेवढाच. पण आपण जाऊ म्हणतोय त्याच डोंगरांत १९३४ साली झालेली एक भटकंती मला फार आवडते. तीच सांगते.

भूगोलाच्या तासाला आपण नकाशात नंदादेवीचा त्रिकोण काढायचो आणि शेजारी उंची लिहायचो, ७,८१६ मीटर. त्या त्रिकोणावरून एक गोष्ट कधीच कळली नाही. हे शिखर उंच काठाच्या एका अवाढव्य परातीच्या आत उभं आहे. काठाचा घेर सुमारे ११० किलोमीटर, आणि तो सतरा हजार फुटांखाली कुठेच उतरत नाही. अपवाद फक्त पश्चिमेचा. तिथे आतलं सगळं पाणी घेऊन ऋषिगंगा बाहेर पडते, तीही अशा घळीतून की दोन्ही बाजूंना उभे कडे. ग्रॅहम १८८३ साली या घळीतून माघारी फिरला. लाँगस्टाफने १९०५ साली पूर्वेच्या काठावरून आत नुसतं डोकावून पाहिलं. रटलेज १९३२ साली दक्षिणेच्या भिंतीपाशी हरला आणि उत्तर ध्रुव गाठणं याहून सोपं, अशा अर्थाचं लिहून मोकळा झाला.

एरिक शिप्टन १९३३ साली याच रटलेजच्या हाताखाली एव्हरेस्टवर गेला होता. शेकडो जनावरांच्या पाठीवर लादलेला तो लवाजमा पाहून त्याला मोठ्या मोहिमांचा वीट आला. दुसऱ्याच वर्षी त्याने बिल टिलमनला बरोबर घेतलं. दोघेही केनियात मळेवाले होते, एकमेकांची ओळखही तिथलीच. मालवाहू जहाजाने कलकत्ता, तिथून रानीखेत, आणि पुढे पाच महिने हिमालयात. इंग्लंडहून येण्याजाण्यासकट माणशी खर्च दीडशे पौंडांच्या आत. मोहिमेचा बेत पाकिटाच्या मागच्या बाजूवर मावला पाहिजे, हे वचन या जोडीच्या नावावर खपतं.

या काटकसरीला लोक साधेपणा म्हणतात. मला तिच्यात गणित दिसतं. सामान वाहणारा माणूसही जेवतो. तो २५ किलो उचलतो आणि दिवसाला एक किलो शिधा खातो असं धरा. जाऊन-येऊन दहा दिवसांची वाट असेल, तर त्याच्या ओझ्यातले दहा किलो त्याचेच, मुक्कामी पोहोचतात पंधरा. वाट वीस दिवसांची झाली की उरतात पाच! म्हणजे एक घडीची खुर्ची वाढवली तर तिच्यासाठी हमाल, हमालासाठी शिधा, आणि त्या शिध्यासाठी आणखी हमाल. एव्हरेस्टचे लवाजमे असेच फुगत होते. शिप्टन-टिलमनने हे चक्र उलटं फिरवलं. माणसं कमी केली, डबाबंद खाणं कमी केलं, आणि जमेल तिथे स्थानिक पीठ, तांदूळ आणि तूप यांवर भागवलं.

पण पाकिटाची गोष्ट अर्धीच खरी आहे. दोघं गेले नव्हते, पाच जण गेले होते. दार्जिलिंगहून आलेले आंग थारके, पासांग आणि कुसांग हे तीन शेर्पा बरोबरीने होते, जेवणही सगळ्यांचं एकच. घळीच्या तोंडापर्यंत ओझी आणली ती डोटियाल हमालांनी, म्हणजे पश्चिम नेपाळातल्या डोटीच्या माणसांनी. आणि घळीचा खालचा, अगदी अशक्य भाग टाळून जाणारी वाट? ती लाता आणि तोलमा या गावांच्या मेंढपाळांची. धरांसी आणि दिब्रूघेटाच्या कुरणांवर ते शेळ्यामेंढ्या नेत असत. 'कोणाचं पाऊल न पडलेला प्रदेश' या शब्दांत हे मेंढपाळ धरलेले नसतात.

कुरणांच्या पुढचं काम मात्र खरोखर नवं होतं. हमाल परत गेल्यावर पाचच माणसं उरली, आणि एका फेरीत सगळं उचलणं शक्यच नव्हतं. कड्यावरच्या अरुंद पट्ट्या एकीला एक जोडत, तेच ओझं पुन्हा पुन्हा वाहत त्यांनी शेवटचे काही मैल आठवड्याहून अधिक काळ खर्चून पार केले. जूनच्या सुरुवातीला ते परातीत उतरले. आत फुलांनी भरलेली कुरणं होती आणि माणसांना न बुजणारी जनावरं. पाऊस येईपर्यंत त्यांनी उत्तरेच्या भागाचा नकाशा काढला. पावसाळा बद्रीनाथ-केदारनाथच्या बाजूला काढून ते पुन्हा आत गेले, दक्षिणेचा भाग मोजला आणि त्याच बाजूच्या काठावरून बाहेर पडले. शिखर त्यांनी चढलं नाही. ते टिलमन आणि ओडेल यांनी २९ ऑगस्ट १९३६ रोजी गाठलं. आंग थारके पुढे १९५०च्या अन्नपूर्णा मोहिमेचा सरदार झाला.

त्यानंतरचा इतिहास मला वाचवत नाही, पण ट्रेकला निघण्याआधी तो माहीत असायला हवा. सत्तरच्या दशकात मोहिमांची रीघ लागली. जळणासाठी झाडं तुटली, तळांवर कचऱ्याचे ढीग झाले. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि आतली वाट बंद करण्यात आली. माझ्या मते ते आवश्यकच होतं. पण दार लागलं ते लाता आणि रेणीच्या लोकांवरही. त्यांची कुरणं गेली, हमाली आणि वाटाड्याची मजुरीही गेली. याच रेणीत १९७४ साली गौरादेवी आणि गावातल्या बायकांनी झाडांना कवटाळून जंगल वाचवलं होतं. ढीग त्यांनी केले नव्हते. १९९३ साली लष्कराच्या अभियंत्यांची मोहीम आत गेली, तेव्हा आधीच्यांचा कचरा तिला पाठीवरून खाली आणावा लागला.

आता लात्याहून धरांसीच्या बाजूला मर्यादित ट्रेकिंग करता येतं. शिखर दिसतं, आत जाता येत नाही. आपला बेत तेवढाच आहे. वाटाडे आणि हमाल लात्याचेच घ्यायचे, घोडे नकोत, आणि माणशी ओझं किती ते आधीच ठरवायचं, असं मी सुचवलं आहे. सामानाच्या तक्त्यात आपापल्या नावापुढे वजनाचा रकाना आहे. तो अजून बावीस जणांनी भरलेला नाही.