रहाटपाळणा आणि नदीचा कांठ

नीरा-नरसिंहपूरच्या जत्रेंत किंवा इंदापूर-बारामतीकडील एखाद्या उरुसांत गेलेल्या माणसाला रहाटपाळणा म्हणजे काय, हें समजावून सांगावें लागत नाहीं. दोन बाजूंस उभे खांब, त्यांवर आडवा कणा, कण्याभोंवतीं फिरणारें चाक आणि चाकाला टांगलेले पाळणे, एवढाच त्याचा संसार. विहिरीवरचा रहाट आणि घरांतला पाळणा ह्या दोन ओळखीच्या वस्तु एकत्र आणून लोकांनीं त्याला नांव दिलें. शहरी भाषेनें पुढें ‘आकाशपाळणा’ असा भारदस्त शब्द रूढ केला. मला मात्र जुनाच शब्द अधिक आवडतो, कारण त्यांत यंत्राचें कूळ सांगितलेलें आहे. पूर्वीं हा पाळणा लांकडाचा असे आणि माणसें तो हातांनीं फिरवीत. पुढें लोखंड आलें, एंजिन आलें, विजेचे दिवे आले. एक गोष्ट तेवढी बदलली नाहीं. जत्रा उठली कीं पाळणाहि उठतो. पाळणेवाला खुंट्या उपटतो, सामान गाडींत भरतो, आणि पुढच्या पावसानें त्या जागेवरच्या खुणाहि बुजून जातात.

आज ज्या पाळण्याविषयीं बोलावयाचें आहे, तो असा उठून जाणारा नव्हे. २०२० च्या जानेवारींत त्या वेळचे उपमुख्यमंत्री आणि बारामतीचे आमदार अजित पवार यांनीं मुंबईंत वांद्रे रेक्लमेशन येथें, सागरी सेतूच्या जवळ, लंडनच्या धर्तीवर एक प्रचंड चाक उभारण्याचा सरकारचा मनोदय जाहीर केला. ‘मुंबई आय’ असें त्याचें नांव. मोकळी जागा आधींच अपुरी असलेल्या शहरांत अशा चाकाला पाण्याकांठची जमीन द्यावी काय, हा प्रश्न तेव्हांपासून उभा आहे. चाक मात्र उभें राहिलेलें नाहीं. हा प्रश्न मुंबईपुरता नाहीं. पुण्यांत २०२२ पासून मुळा-मुठेच्या कांठांची नवी रचना सुरू झाली आणि तिच्यावरून झाडांचा व पुराचा मोठा वाद माजला. बारामतींतहि कऱ्हेच्या कांठीं सुशोभनाचीं कामें झालीं आहेत. कांठ एकदां सुशोभित झाला कीं लोकांना खेंचून आणणारें कांहीं तरी भव्य तेथें असावें, हा विचार फार दूर राहत नाहीं. तो मनांत येण्यापूर्वींच ह्या चाकाचा इतिहास एकदां पाहून ठेवणें बरें.

हें चाक अमेरिकेनें शोधून काढलें अशी समजूत आहे. ती खरी नव्हे. १६१५ सालीं पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी कॉन्स्टँटिनोपल येथें रमजानच्या दिवसांत अशा चाकावर बसला होता. १६२० त पीटर मंडी या इंग्रजानें, त्या काळीं तुर्की अमलाखालीं असलेल्या फिलिपॉपोलिस या बल्गेरियांतील शहरांत तसेंच चाक पाहिलें व आपल्या रोजनिशींत त्याची नोंद केली. मौज अशी कीं हे दोघेहि पुढें आपल्याकडे आले. देल्ला व्हाल्ले सुरत, चौल, गोवें पाहून गेला. मंडीनें सुरतेस ईस्ट इंडिया कंपनीची चाकरी केली. त्यांनीं पाहिलेलीं तीं चाकें सणाचीं होतीं, आणि सणाबरोबर संपणारीं होतीं.

चाकाला प्रचंड करण्याची हौस शिकागोंतली. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनांत आयफेलचा मनोरा उभा राहिला. त्याला तोडीस तोड म्हणून १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाचे चालक कांहीं अपूर्व वस्तु शोधीत होते. जॉर्ज फेरिस नांवाच्या, पुलांच्या कामांत मुरलेल्या एका तरुण एंजिनियरनें २६४ फूट उंच चाकाचा आराखडा पुढें मांडला. पुष्कळांनीं तो वेडगळपणा ठरविला. तरीहि २१ जून १८९३ रोजीं चाक लोकांसाठीं फिरूं लागलें. ३६ डबे, डब्यांत ६० माणसें. म्हणजे एका वेळीं २१६० जीव हवेंत. पन्नास सेंट टाकले कीं वीस मिनिटांत दोन फेरे. आपल्याकडे शिकागोचें तें वर्ष सर्वधर्मपरिषदेमुळें माहीत आहे. तिला स्वामी विवेकानंद गेले होते, मुंबईहून प्रार्थनासमाजाचे नगरकर गेले होते. त्याच हंगामांत, त्याच नगरींत, ह्या चाकांत चौदा लाखांवर लोक बसून गेले.

प्रदर्शन संपलें, आणि मग प्रश्न पडला कीं आतां ह्याचें करावयाचें काय? जत्रेंतला पाळणेवाला ह्या प्रश्नाचें उत्तर गांवांत शिरण्यापूर्वींच ठरवून आलेला असतो. फेरिसपाशीं तें नव्हतें. चाक उतरवून १८९५ त शिकागोच्याच उत्तर भागांत, लिंकन पार्कजवळ, राहत्या वस्तींत उभें करण्यांत आलें. रहिवाशांनीं हरकत घेतली. विल्यम बॉईस नांवाचा प्रकाशक कोर्टांत गेला. त्याची फिर्याद चालली नाहीं. पण प्रदर्शनांतली गर्दीहि तेथें आली नाहीं. फेरिस स्वतः प्रदर्शनाच्या हिशेबाच्या तंट्यांत गुरफटला आणि १८९६ त, सदतिसाव्या वर्षीं, विषमज्वरानें वारला. चाक मोडतोड करणाऱ्या एका कंपनीच्या हातीं गेलें, १९०४ त सेंट लुईच्या प्रदर्शनांत पुन्हा एकदां फिरलें, आणि ११ मे १९०६ रोजीं सुरुंग लावून पाडण्यांत आलें.

वॉल्टर बॅसेट या इंग्रजानें तोंपर्यंत युरोपांत हीच लाट आणली होती. लंडनचें अर्ल्स कोर्ट येथील चाक १८९५ त सुरू झालें, १९०७ त पाडलें गेलें. पॅरिसचें चाक १९०० चें. पहिल्या महायुद्धानें उद्ध्वस्त झालेल्या भागांतील कुटुंबांना आसरा म्हणून त्याचे डबे देण्यांत आले व १९२० त तें मोडलें. राहिलें एकटें व्हिएन्नाचें, १८९७ चें. तें तरी दूरदृष्टीमुळें राहिलें काय? १९१६ त तें पाडण्याची परवानगी निघाली होती. पाडण्यास पैसा नव्हता म्हणून तें वांचलें. १९१९ त एदुआर्द श्टायनर या व्यापाऱ्यानें तें मोडण्यासाठींच विकत घेतलें, पण मोडलें नाहीं, भाड्यानें चालविण्यास दिलें. श्टायनर ज्यू होता. नाझींनीं चाक त्याच्याकडून हिरावून घेतलें, आणि १९४४ त ऑश्विट्झ येथें त्याची हत्या झाली. युद्धांत चाक जळालें. १९४७ त तें पुन्हा फिरूं लागलें तेव्हां तीस डब्यांच्या जागीं पंधराच लावण्यांत आले, आणि आजहि पंधराच आहेत. व्हिएन्नाचें भूषण म्हणून जें आज दाखविलें जातें, त्याच्या मागें ही अशी हकीकत आहे.

नदीकांठाचा वाद ठळकपणें पुढें आला तो लंडनच्या दुसऱ्या चाकामुळें. डेव्हिड मार्क्स आणि ज्यूलिया बारफील्ड या वास्तुशिल्पी दांपत्यानें १९९३ त एका स्पर्धेसाठीं तें कल्पिलें. स्पर्धेंत कोणालाच बक्षीस मिळालें नाहीं. ह्या दोघांनीं मात्र पिच्छा सोडला नाहीं. थेम्स नदींत तराफ्यांवर आडवें जोडून तें उभें करावयाचें होतें. सप्टेंबर १९९९ मधला पहिला प्रयत्न फसला, पुढच्या महिन्यांत साधला. उंची १३५ मीटर, कांचेच्या कुप्या ३२, एका फेऱ्याला अर्धा तास. मार्च २००० मध्यें तें सर्वांना खुलें झालें. परवानगी होती पांच वर्षांची! पुढें मुदत वाढली, आणि २०२४ त तेथील लॅम्बेथ कौन्सिलनें चाक कायम ठेवण्यास मान्यता दिली.

पांच वर्षें म्हणून आलेला पाहुणा घरचा कसा होतो, तें एवढ्यावरून कळतें. पण मला अधिक बोधप्रद वाटतो तो २००५ सालचा भाड्याचा तंटा. चाकाचे कांहीं टेकू ज्या जमिनींत रोवलेले आहेत, ती जमीन साउथ बँक सेंटर या कलासंस्थेची. तिनें वर्षाचें ६४ हजार पौंड भाडें एकदम २५ लाखांवर न्यावें अशी मागणी केली, व जागा सोडण्याची नोटीसहि दिली. लंडनचें चित्र तोंवर त्या चाकाशिवाय पुरें होईनासें झालें होतें. तें हलविण्यास कोण धजणार? २००६ च्या फेब्रुवारींत २५ वर्षांचा करार झाला, निदान ५ लाख पौंड दरसाल. कांठाच्या त्या तुकड्याचें खरें मोल काय, हें चाक फिरूं लागल्यानंतर ठरलें. त्यापूर्वीं तें कोणी पुरतें मोजलें नव्हतें. आणि मोठेपणा हीच यशाची हमी, असेंहि नाहीं. दुबईचें २५० मीटर उंचीचें चाक २०२१ च्या ऑक्टोबरांत सुरू झालें, २०२२ च्या मार्चांत बंद पडलें आणि २०२४ च्या डिसेंबरांत पुन्हा उघडलें.

आतां आपल्या नद्यांकडे वळूं. कऱ्हा ही वर्षांतले बहुतेक दिवस कोरडी दिसणारी नदी. पुरंदरांतून निघून मोरगांवावरून ती बारामतीस येते आणि पुढें सोनगांवाजवळ नीरेस मिळते. मोरोपंतांचे आश्रयदाते बाबूजी नाईक यांचा वाडा बारामतीस तिच्याच कांठीं आहे. कोरडी नदी पाहणाऱ्याला तिचा कांठ ही पडून राहिलेली जमीन वाटते, आणि पडून राहिलेली जमीन पाहिली कीं योजना सुचतात. परंतु २०१९ च्या सप्टेंबर अखेरीस नाझरे धरणांतून पाणी सुटलें आणि ह्याच कऱ्हेनें एका रात्रींत महापूर आणला. बारामतींतल्या नदीकांठच्या हजारो लोकांना हलवावें लागलें. लंडनच्या चाकाशीं तुलना करणारांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं थेम्सला बांधीव तट आहेत, आणि समुद्राचें उधाण अडविण्यास १९८४ त उद्घाटन झालेला प्रचंड बंधारा आहे. कऱ्हेला तसें कांहीं नाहीं.

इंदापुराकडे तर कांठ ही एका जागीं थांबणारी वस्तुच नव्हे. पुण्याचें मुळा-मुठेचें पाणी, त्यांतल्या घाणीसह, रांजणगांव सांडस येथें भीमेला मिळून उजनींत उतरतें. १९८० त पुरें झालेल्या त्या धरणानें इंदापूर तालुक्यांतलीं गांवें पोटांत घेतलीं. पळसदेवचें जुनें पळसनाथाचें देऊळ पाणी ओसरलें कीं उन्हाळ्यांत पुन्हा बाहेर येतें. ओसरत्या पाण्यामागें गाळपेर होते, मासेमारांच्या होड्यांची जागा बदलत राहते. त्यांच्या दृष्टीनें मोकळा कांठ म्हणजे पोटाचा धंदा. आणि तुकोबांची पालखी? बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगांव केतकी, इंदापूर अशी ती येते. बेलवाडीस गोल रिंगण होतें, सराटीस पादुकांना नीरेंत स्नान घडतें, आणि पालखी सोलापूर जिल्ह्यांत जाते. एवढा जनसमुदाय जेथें उतरतो, तो कांठ दुसऱ्या दिवशीं पुन्हा गांवाच्या स्वाधीन असतो.

चाकाच्या बाजूनें बोलणारांचें म्हणणें उडवून लावण्यासारखें नाहीं. रोजगार व उत्पन्न हे मुद्दे नेहमींचेच. त्यांचे आंकडे आधीं फुगतात आणि मागाहून बसतात, हें शिकागोनें दाखविलें आहे. परंतु साध्या माणसाला आपलें गांव उंचावरून पाहावयास मिळावें, हा मुद्दा मला बळकट वाटतो. बारामतीच्या माणसाला वरून काय दिसेल? १८७६-७७ च्या दुष्काळानंतर तयार झालेला नीरा डावा कालवा, त्याच्या एका अंगास उसाचे हिरवे फड आणि दुसरीकडे पावसाकडे डोळे लावून बसलेलें जिरायत रान. हें दृश्य तिकीट काढून पाहण्यासारखें आहे, आणि पाहून तालुक्याच्या पाण्याविषयीं कांहीं प्रश्न मनांत आले तर तेहि चांगलेंच.

म्हणून चाक नकोच, असें मी म्हणत नाहीं. त्याला पाळणेवाल्याचा रिवाज लावावा, एवढेंच म्हणतों. आपल्या पाटबंधारे खात्याच्या पूररेषा ठरलेल्या आहेत: पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची लाल. चाकाचे पाय लाल रेषेच्या बाहेर असावेत. आंत दिले तर पाणी त्याच्या पायांपाशीं अडेल आणि पलीकडच्या कांठावरच्या घरांत शिरेल. आणि चाक उतरविण्याचा खर्च तें उभारण्यापूर्वींच नगरपालिकेंत अनामत भरून घ्यावा. शिकागोच्या चाकाला तो नियम असता तर तें राहत्या वस्तींत येऊन पडलें नसतें. भाडें किती, मुदत किती, आणि मुदतीनंतर नदीवर पायीं जाण्याची वाट कोणाच्या ताब्यांत, हें लोकांसमोर वाचून दाखविलें जावें.

असा प्रस्ताव ज्या दिवशीं सभेपुढें येईल, त्या दिवशीं सभासदांनीं आराखड्यांतलीं रंगीत चित्रें पाहण्यापूर्वीं कऱ्हेवर एक चक्कर टाकावी, आणि २०१९ चें पाणी कोठपर्यंत चढलें होतें तें कांठच्या घरांतल्या माणसांना विचारून यावें.