पत्ता असलेली चर्चा

चर्चा अ‍ॅपमध्ये वाचावी की न्याहाळकात, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा वाटतो. ज्याला जे हाताशी असेल त्याने ते वापरावे, एवढ्यावर तो संपावा. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला तो इतक्या सहजपणे सोडून देता येत नाही, असे आम्हांस वाटते. कोणत्याही वाङ्मयीन वादाचा इतिहास लिहायचा झाला तर पहिला प्रश्न हाच उभा राहतो, की तो वाद झाला कोठे आणि आज तो कोणाला, कोणत्या वाटेने गाठता येतो.

लोकहितवादींची शतपत्रे १८४८ ते १८५० ह्या काळात भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. ती मुळात वृत्तपत्राला लिहिलेली पत्रे होती, म्हणजे चालू चर्चेचाच भाग होती. आज आपण त्यांच्याबद्दल बोलू शकतो ह्याची कारणे दोन. प्रत्येक पत्राला अंकाचा आणि तारखेचा ठावठिकाणा होता. आणि अंक एकदा छापून बाहेर पडला की त्याच्या प्रती संपादकाच्या मुठीत राहत नव्हत्या. ज्याच्याकडे प्रत होती तो ती जपू शकत होता, दुसऱ्याला देऊ शकत होता, तिच्यातला उतारा आपल्या लेखात घेऊ शकत होता. ठावठिकाणा आणि प्रत ह्या दोन गोष्टी आम्ही पुढील विवेचनाची फूटपट्टी म्हणून हाती धरतो.

संगणकावरील सार्वजनिक चर्चेचा आरंभ न्याहाळकाच्याही आधीचा आहे. १९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस ह्या विद्यार्थ्यांनी यूझनेटची कल्पना मांडली आणि १९८० मध्ये ते चालू झाले. ह्या व्यवस्थेला मालक असा नव्हता. एका संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे जाई आणि प्रत्येक ठिकाणी त्याची एक प्रत उमटे. वाचण्यासाठी वेगळी प्रणाली लागे. लॅरी वॉल ह्यांनी १९८४ साली केलेली 'आरएन' ही त्यांतली एक प्रसिद्ध प्रणाली. मात्र कोणती प्रणाली वापरावी हे वाचकाने ठरवायचे होते. दहा जण दहा प्रणालींतून वाचत आणि तरीही चर्चा एकच राही. १९८६ साली मजकुराच्या देवाणघेवाणीचे नियम एनएनटीपी ह्या नावाने उघडपणे नोंदले गेले, त्यामुळे कोणीही नवी वाचनप्रणाली लिहू शके. म्हणजे वेगळी प्रणाली घेऊन चर्चा वाचणे हे मुळात बंदिस्तपणाचे लक्षण नव्हते, ही गोष्ट प्रथमच लक्षात घेतली पाहिजे.

ह्या व्यवस्थेत प्रतींना तोटा नव्हता, पण वाचकाला दाखवता येईल असा ठावठिकाणा कच्चा होता. जागा भरली की जुना मजकूर पुसला जाई. ही उणीव महाजालाने भरून काढली. टिम बर्नर्स-ली ह्यांनी मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेत आपला प्रस्ताव मांडला, १९९० मध्ये पहिला न्याहाळक तयार केला आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना मोफत खुले केले. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठातून आलेल्या 'मोझॅक'ने न्याहाळक सामान्य माणसाच्या हाती दिला. ह्या सगळ्याचा गाभा म्हणजे पत्ता. प्रत्येक पानाला एक पत्ता, आणि तो पत्ता दुसऱ्या कोणत्याही पानावर लिहिण्याची मुभा. त्यासाठी पहिल्या पानाच्या मालकाची परवानगी लागत नाही. वाङ्मयीन व्यवहारात ज्याला आपण संदर्भ देणे म्हणतो तेच येथे दुवा देणे झाले. फरक एवढाच, की संदर्भावरून मूळ मजकुरापर्यंत जायला आता ग्रंथालयाची पायरी चढावी लागत नव्हती.

दोन्ही परंपरा एकत्र आल्यावर काय होऊ शकते ह्याचेही उदाहरण आहे. १९९५ साली 'देजा न्यूज' ह्या संस्थेने यूझनेटचा मजकूर साठवून तो न्याहाळकात शोधण्याची सोय केली. तो संग्रह गूगलने फेब्रुवारी २००१ मध्ये विकत घेतला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात १९८१ पासूनचे सुमारे ७० कोटी संदेश खुले केले. ह्यांतला आरंभीच्या दशकाचा मोठा भाग आला कोठून? टोरांटो विद्यापीठातील हेन्री स्पेन्सर ह्यांनी चुंबकीय फितींवर तो जपून ठेवला होता. त्यांना असे करण्यापासून अडवणारा कोणी मालक नव्हता, म्हणून ते करू शकले. एका माणसाच्या साठवणवृत्तीमुळे एक दशक वाचले. 'प्रभाकर'च्या अंकांची गोष्ट ह्याहून फार निराळी नाही.

मराठीला ह्या दालनात शिरताना एक वेगळीच अडचण सोसावी लागली. यूनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यात देवनागरी होती. पण घराघरांतल्या संगणकांवर ती नीट दिसू-लिहू लागायला विंडोज २००० आणि २००१ ची विंडोज एक्सपी यावी लागली. तोवर प्रत्येक संकेतस्थळाचा टंक वेगळा. तो उतरवून घेतल्याशिवाय पानावर निरर्थक रोमन चिन्हांची रांगोळी दिसे. असा मजकूर डोळ्यांना मराठी असला तरी संगणकाच्या लेखी मराठी नव्हता. तो शोधता येत नसे आणि दुसरीकडे चिकटवला तर मोडून पडे. म्हणजे त्याला पत्ता होता, पण त्याची प्रत करणे व्यर्थ होते. १९९६ पासून चालत आलेली 'मायबोली' असो की २००७ साली सुरू झालेले 'मिसळपाव' असो, मराठी चर्चेला जो बहर आला त्यात यूनिकोडचा वाटा फार मोठा आहे.

भ्रमणध्वनीवर हीच कथा पुन्हा घडली. अनेक फोनांना देवनागरीची जोडाक्षरे जुळवता येत नसत. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत. त्या दिवसांत 'ऑपेरा मिनी' ह्या न्याहाळकात एक आडबाजूची सोय होती. जटिल लिपींचा मजकूर त्याच्या सर्व्हरवरच चित्ररूप करून फोनवर पाठवला जाई. अक्षरे चित्रांची होती, ती निवडता येत नसत, पण वाचता येत. अँड्रॉइडमध्ये देवनागरी २०११ च्या चौथ्या आवृत्तीपासून सर्वत्र आली. तोवर साध्या फोनवर मराठी वाचणाऱ्या कित्येकांचा आधार एक न्याहाळक होता, ह्याची नोंद मराठी वाचनाच्या इतिहासात व्हायला हवी.

आता अ‍ॅपकडे वळू. जून २००७ मध्ये आयफोन बाजारात येण्याच्या सुमारास स्टीव्ह जॉब्झ ह्यांनी प्रणालीकारांना सांगितले होते, की ह्या फोनसाठी जे करायचे ते न्याहाळकात चालेल असे करा. हा पवित्रा फार टिकला नाही. १० जुलै २००८ रोजी अ‍ॅपल कंपनीचे अ‍ॅपचे दुकान उघडले तेव्हा त्यात सुमारे ५०० अ‍ॅप होती. त्याच वर्षी अँड्रॉइडचेही दुकान आले. २०१० साली 'वायर्ड' ह्या अमेरिकन मासिकाने महाजाल मेले असे मुखपृष्ठावरच जाहीर केले. महाजाल मेले नाही. पण लोकांचा वेळ न्याहाळकातून अ‍ॅपकडे सरकू लागला होता, हे त्या घोषणेतले सत्य नाकारता येत नाही.

हे सरकणे निव्वळ फसवणुकीने झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. अ‍ॅप चटकन उघडते, नवा प्रतिसाद आला की कळवते, जाळे तुटले तरी आधीचा मजकूर दाखवू शकते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर स्वस्त जोडणी मिळालेल्या अनेक मराठी वाचकांची महाजालाशी पहिली ओळखच अ‍ॅपमधून झाली. गूगलने २०१७ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांत बोलून टंकण्याची सोय केली तेव्हा ज्यांनी कळफलकाला कधी हात लावला नव्हता तेही लिहिते झाले. अर्थात ही सोय कळफलकाची होती, ती न्याहाळकातही तितकीच चालते. तिचे श्रेय अ‍ॅपच्या पदरात घालण्याचे कारण नाही.

ह्या दोहोंत खरा फरक पडतो तो दार कोणाच्या हाती ह्या बाबतीत. चर्चेतले नसले तरी एक भारतीय उदाहरण बोलके आहे. कपडे विकणाऱ्या 'मिंत्रा'ने मे २०१५ मध्ये आपले संकेतस्थळ बंद करून केवळ अ‍ॅपवर राहायचे ठरवले. २०१६ मध्ये तिला संकेतस्थळ पुन्हा उघडावे लागले. ग्राहक मागे वळतो तेव्हा दुकानदार ऐकतो. चर्चेत भाग घेणाऱ्याचे तसे नसते. त्याने वर्षानुवर्षे लिहिलेले तेथेच असते. ते उचलून दुसरीकडे जाणे त्याला सोपे नसते.

'रेडिट'च्या बाबतीत हे स्पष्टपणे दिसले. २००५ साली सुरू झालेल्या ह्या स्थळाचे स्वतःचे अधिकृत अ‍ॅप बाहेरच्या मंडळींच्या अ‍ॅपांनंतर आले. ही बाहेरची अ‍ॅप यूझनेटच्या वाचनप्रणालींसारखीच होती: चर्चा एक, वाचण्याच्या रीती अनेक. २०२३ साली रेडिटने त्यांच्याकडून मजकुराच्या वाहतुकीचे मोल मागितले. 'अपोलो' ह्या लोकप्रिय अ‍ॅपच्या कर्त्याच्या हिशोबाने ते वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर होत होते. १२ जून २०२३ पासून हजारो विभागांनी निषेध म्हणून आपली दारे लावून घेतली. ३० जूनला 'अपोलो' बंद पडले. ह्या वादात अंध सदस्यांचे म्हणणे आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. अधिकृत अ‍ॅप त्यांच्या पडदावाचक प्रणालीशी नीट जुळत नव्हते. बाहेरचीच अ‍ॅप त्यांचा आधार होती. शेवटी अंधांना उपयोगी पडणाऱ्या काही बिगरव्यापारी अ‍ॅपांना सूट मिळाली. पण सूट ही मालकाची मेहेरबानी असते, वाचकाचा हक्क नव्हे.

तेव्हा न्याहाळक तेवढा पवित्र आणि अ‍ॅप तेवढे पतित, असा निवाडा द्यावा काय? इतिहास तसे करू देत नाही. 'जिओसिटीज' २००९ साली, 'ऑर्कुट' ३० सप्टेंबर २०१४ रोजी आणि 'याहू ग्रुप्स' डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले. ही तिन्ही न्याहाळकात उघडणारी स्थळे होती. पत्ता असला म्हणून घर टिकतेच असे नाही. मात्र येथे एक भेद आहे. जिओसिटीजची पाने कोणालाही दिसत होती, त्यामुळे ती बुडण्याआधी स्वयंसेवकांनी त्यांचा मोठा साठा उतरवून घेतला. १९९६ साली स्थापन झालेले 'इंटरनेट अर्काइव्ह' असेच काम सातत्याने करत आले आहे. याहू ग्रुप्समधील पुष्कळ गट मात्र सदस्यांपुरते होते; तेथे बाहेरच्या साठवणकर्त्याचा हात पोचणे अवघड गेले. म्हणजे चर्चा टिकण्याची शक्यता ठरते ती कोणत्याही वाटसरूला तिची प्रत करता येते की नाही ह्यावर. अ‍ॅपपुरत्याच मजकुराला ती शक्यता जवळजवळ नसते.

गेल्या काही वर्षांत मराठी साहित्यचर्चेचा मोठा हिस्सा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत गेला आहे. खाजगी बोलण्याला आमचा आक्षेप नाही. कट्टा, बैठक, दिवाणखाना ह्यांतल्या बोलण्याची नोंद कधीच राहिली नाही, आणि ती राहावी असा हट्टही कोणी धरला नाही. बंद गटात शिवीगाळीपासून आडोसा मिळतो. नवखा, भिडस्त लेखक तेथे मोकळा होतो. अडचण होते ती कट्ट्याने नियतकालिकाची जागा घेतली म्हणजे. एखाद्या कादंबरीवर झालेला महत्त्वाचा वाद केवळ अशा गटात झाला असेल तर वीस वर्षांनी त्याचा संदर्भ कोणी कसा द्यावा? 'निबंधमाले'ला अंक होते. गटातल्या संदेशाला असतो तो केवळ कोणाच्या तरी फोनचा पडदा; तो फोन बदलला की संदेशही जाऊ शकतो. मग मराठी समीक्षेच्या ह्या कालखंडाचा इतिहास ऐकीव आठवणींवर बेतावा लागेल, आणि आठवणी सांगणारे बहुधा तेच असतील जे वादात जिंकले.

म्हणून आमचे मत असे. वाचण्याची सोय अ‍ॅपने द्यावी. तीत गैर काही नाही. पण जे लेखन सार्वजनिक वादाचा भाग म्हणून केले जाते त्याला न्याहाळकात, सदस्यत्वाची अट न घालता उघडेल असा पत्ता असावा, आणि लिहिणाऱ्याने त्याची एक प्रत आपल्यापाशीही ठेवावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना संदर्भ देण्याची शिस्त शिकवताना एवढे एक अधिक शिकवावे, की दुसऱ्याचे म्हणणे खोडायचे असेल तर त्याच्याकडे बोट दाखवता येईल अशा जागी उभे राहून खोडावे. प्रतिपक्षाला आपले शब्द पुढे काढून दाखवता येतील ही जोखीम पत्करणे, ह्यालाच समीक्षेत जबाबदारी म्हणतात.