उपाशी कोंडलेले बारा पंच

आज तुम्हाला साडेतीनशे वर्षांपूर्वीची, लंडनच्या कोर्टातली एक खरी गोष्ट सांगते. या गोष्टीचा नायक वकील नाही की न्यायाधीशही नाही. पंचांच्या बाकावर बसलेली १२ माणसं, हेच तिचे नायक.

इंग्लंडमध्ये मोठ्या खटल्यात तिथल्याच रहिवाशांमधून १२ जण पंच म्हणून बसवत. त्यांना म्हणतात ज्यूरी. साक्षीपुरावे ऐकून आरोपी दोषी की निर्दोष, ते ज्यूरीने सांगायचं. शिक्षा न्यायाधीशाने ठरवायची.

तेव्हा तिकडे कायदा होता की सरकारमान्य चर्च सोडून, दुसऱ्या पद्धतीच्या प्रार्थनेला घरच्यांव्यतिरिक्त पाच किंवा त्याहून जास्त माणसांनी जमायचं नाही. १६७० सालच्या ऑगस्टमध्ये क्वेकर पंथाचे लोक आपल्या प्रार्थनागृहाशी आले, तर शिपायांनी वाट अडवलेली. तेव्हा विल्यम पेन हा २५ वर्षांचा तरुण भर रस्त्यात उभा राहून बोलू लागला. त्याला आणि त्याचा सोबती विल्यम मीड याला पकडलं. आरोप काय, तर बेकायदा जमाव जमवून शांतता भंग केली.

पेन बोलला हे सगळ्यांनी पाहिलं होतं. न्यायाधीशांना वाटलं, काम सोपं आहे. पण ज्यूरी म्हणाली, “पेन त्या रस्त्यावर बोलला, एवढं खरं.” जमाव बेकायदा होता, हे काही त्यांनी म्हटलं नाही. न्यायाधीश खवळले. एडवर्ड बुशेल नावाचा पंच सगळ्यांना फितवतोय, असं म्हणून त्याला धमकावलं. हवा तो निकाल मिळेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, शेकोटी नाही, असं सांगून बाराही जणांना कोंडलं. दोन रात्री गेल्या. शेवटी त्यांनी निकाल दिला: निर्दोष!

मग न्यायाधीशांनी पंचांनाच दंड केला आणि दंड भरेपर्यंत तुरुंगात टाकलं. बुशेल आणि आणखी काही जणांनी दंड भरायला नकार दिला आणि वरच्या कोर्टात दाद मागितली. तिथे सरन्यायाधीश जॉन व्हॉन यांनी ठरवून दिलं की निकाल आवडला नाही म्हणून पंचांना शिक्षा करता येणार नाही. तेव्हापासून पंचांना एक मोठी ताकद मिळाली. कायद्यात गुन्हा बसत असला, पुरावा असला, तरी शिक्षा अन्यायाची वाटली तर ते आरोपीला सोडू शकत. त्याचं कारण त्यांना द्यावं लागत नसे.

ही ताकद चांगलीच, असं वाटेल. पण आता दुसरी बाजू ऐका. १९५५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात एमेट टिल या १४ वर्षांच्या काळ्या मुलाचा खून झाला. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवली. माझ्या लेकराचे काय हाल केले ते जगाने बघावं, म्हणून. दोन गोऱ्या माणसांवर खटला चालला. ज्यूरीत बाराही गोरे पुरुष. तासाभरात त्यांनी दोघांना निर्दोष ठरवलं. पुढच्याच वर्षी त्या दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला सांगितलं की खून आम्हीच केला. पण एकदा सुटलेल्यांवर पुन्हा तोच खटला चालत नाही. त्या राज्यात बायांना ज्यूरीत बसायला १९६८ साल उजाडावं लागलं.

म्हणजे ताकद एकच. ती कुणाच्या हातात आहे, त्यावर न्याय ठरला.

आपल्याकडेही हे घडलंय. १९०८ साली ‘केसरी’तल्या लेखांवरून टिळकांवर मुंबईत राजद्रोहाचा खटला झाला. लेख मराठीतले. पण ज्यूरीत ७ युरोपियन आणि २ पारशी. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले आणि सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. मराठी माणसं त्या बाकावर असती तर?

भारतात पुढे ज्यूरी बंद होत गेली. १९७३च्या फौजदारी कायद्यात ती ठेवलीच नाही. आज आपल्याला कुणी पंचांच्या बाकावर बसवणार नाही. पण ग्रामसभेत आपण बसतोच ना? गटाच्या बैठकीत बसतो. तिथे ठराव आधीच लिहून येतो आणि कुणीतरी म्हणतं, “ताई, इथे फक्त सही करा.” ती सही म्हणजे आपलं मत असतं. आधी ठराव वाचून दाखवायला सांगा. पटला नाही तर नाही म्हणा.

बुशेलच्या त्या १२ जणांत एकही बाई नव्हती. इंग्लंडमध्ये बायांना ज्यूरीत बसायचा हक्क मिळाला तो १९१९च्या कायद्याने, जवळजवळ अडीचशे वर्षांनी. आपल्याला बसायला जागा मिळाली आहे, मैत्रिणींनो. ती रिकामी ठेवू नका.