आधी मेंदूचं पान

जानेवारी १९४५. तुम्ही नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये उभे आहात, पण गावाच्या कारभारात अजून ‘न्यूवर-अ‍ॅमस्टेल’ हेच नाव चालतं. ते बदलायला १९६४ उजाडेल. कालवे गोठलेत. टायर नसलेल्या सायकली उघड्या चाकांवर खडखडत जातायत. बायका घरातल्या चादरी घेऊन शेतकऱ्यांकडे निघाल्यात, बदल्यात बटाटे मिळतील या आशेवर. सप्टेंबरमध्ये रेल्वे कामगारांनी संप केला, जर्मनांनी अन्नाची वाहतूक अडवली आणि पुढे थंडीने जलमार्गही बंद केले. रेशन दिवसाला ४०० ते ८०० कॅलरींवर आलंय.

सार्वजनिक स्वयंपाकघराच्या रांगेत तुमच्यापुढे एक तरुणी डबा घेऊन उभी आहे. तिची पाळी चुकलीय, पण उपासमारीत बऱ्याच जणींची चुकते. दिवस गेलेत हे तिच्या ध्यानातही नाही.

आता लहान व्हा आणि तिच्या गर्भाशयात शिरा. सहावा आठवडा चालू आहे. मुगाच्या दाण्याहून फार मोठा नसलेला तो जीव धडधडतोय. अवयवांची पायाभरणी चालू आहे आणि सामान अपुरं आहे. अशा वेळी वाटणी ठरते, असं पुढे संशोधक मांडतील: आधी मेंदूचं पान वाढायचं, यकृत, मूत्रपिंडं, रक्तवाहिन्यांनी उरेल त्यात भागवायचं.

ऑक्टोबर. ५ मे रोजी देश जर्मनांच्या ताब्यातून मुक्त झाला. आई पोटभर जेवतेय. अ‍ॅमस्टरडॅमच्या विल्हेल्मिना गास्टहाउस रुग्णालयात बाळ तराजूवर ठेवलंय. वजन चांगलं भरलं. नर्स आकडा लिहिते, वही मिटते. तराजूला काहीच दिसलेलं नाही.

पन्नास वर्षं ओलांडा. याच वह्यांवरून शोधून काढलेली माणसं तपासणीला आलीत. उपासमार गर्भावस्थेच्या सुरुवातीला सोसलेल्यांत हृदयधमनीचा विकार ८.८ टक्के जणांना आहे; न सोसलेल्यांत ३.२ टक्के. सोसलेल्यांच्या रक्तातल्या चरबीचं गणितही बिघडलेलं. टेसा रोझबूम आणि सहकाऱ्यांनी हे २००० साली प्रसिद्ध केलं.

उपासमार सोसलेल्यांपैकीच कुणाच्या तरी हृदयधमनीत आता शिरा. चरबीचा थर फुटतो, वर गुठळी धरते आणि पुढचा स्नायू प्राणवायूवाचून मरू लागतो. डाव्या जवनिकेचा साधारण ४० टक्के स्नायू निकामी झाला की रक्तदाब कोसळतो: हृदयजन्य शॉक. मानेतल्या धमनीतले संवेदक हाक देतात, अ‍ॅड्रिनलीन उसळतं, आणि पुन्हा तीच वाटणी सुरू होते. त्वचेचं रक्त काढून घेतलं, हातपाय गार. मूत्रपिंडांचं काढून घेतलं, लघवी आटली. मेंदूचं पान मात्र भरायचंच. पण आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलायचं काम त्याच जखमी हृदयावर पडतं. ठोके वाढले की दोन ठोक्यांमधली विश्रांती घटते, आणि हृदयाला स्वतःचं रक्त मुख्यतः त्या विश्रांतीतच मिळतं. बचावाची धडपडच त्याला आणखी खाली ओढते. म्हणून डॉक्टर बंद धमनी तातडीने उघडायला धावतात. दाब वाढवणाऱ्या औषधांनी फक्त वेळ मिळतो.

आता पुण्याजवळच्या खेड्यांत या; साल १९९३ नंतरचं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा गट नवजात बाळं मोजतोय. सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्पटनला ३.५. बाळं बारीक, स्नायू कमी, पण चरबी मात्र राखलेली. इथे तराजू बोलतो, पण अर्धंच सांगतो.

वर्तमानात या. अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये आज कितीतरी मराठी घरं आहेत. तुमचा जन्म १९७३ च्या आसपासचा असेल, तर आईला फोन लावा. ७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची का? सुकडीवर दिवस काढले का? तेव्हा तिला कितवा महिना होता? तिचं उत्तर म्हणजे निदान नव्हे. पण घरच्या आजारांबद्दल विचारतील तेव्हा तेही डॉक्टरांना सांगा, आणि रक्तदाब व कोलेस्टेरॉल तपासणं पुढे ढकलू नका.