गाढीच्या काठी, श्रावणात

चपला काढा, या चिखलात त्या टिकायच्या नाहीत. श्रावण आहे 1818 सालचा, तुम्ही पनवेलच्या बंदरावर आहात आणि घोट्यापर्यंत खाडीच्या गाळात रुतलात. नाकात सुक्या बोंबलाचा वास, त्यावर ओल्या घोंगड्यांचा, त्यावर पेटता न पेटणाऱ्या चुलीच्या धुराचा. मचवेवाले ओरडतायत, भरती निघून जाईल, मुंबईवाले चढून घ्या! बोरघाट उतरून आलेले गोणीवाहू बैल तुम्हाला ढकलून पुढे जातात. इरली एकमेकांवर आपटतात. अंग चिकचिकतंय, घसा कोरडा पडलाय. पाणी हवंय ना?

जरा दम धरा. आधी गाढी नदी बघून घेऊ.

माथेरानच्या डोंगरातली लाल माती घेऊन नदी गढूळ झालीय. काठाजवळ, जिथे धार संथ आहे तिथे, एक बाई घागर विसळून बुडवते. तिच्या वीस पावलं वर एक माणूस धोतर खळबळतोय. पिळतो, पुन्हा बुडवतो. त्यातून भाताच्या पेजेसारखं पांढुरकं पाणी सुटतंय. धोतर त्याच्या भावाचं. तो जवळच्या ओसरीवर पडलाय. डोळे खोल गेलेत, बोटांची कातडी सुरकुतलीय, पोटऱ्यांत गोळे येतायत. आवाज बसलाय, तरी ओठ "पाणी" म्हणतायत. "सकाळी धडधाकट होता हो, भाकरी खाल्ली त्यानं," शेजारची म्हातारी सांगते. मग आवाज खाली आणून म्हणते, पटकी. आषाढीला पंढरपुरात होती, मग पुण्यात आली, आता घाट उतरली. मरीआईला नारळ द्यायला माणसं निघालीत.

तुम्हाला इथल्या कुणालाही ठाऊक नसलेलं एक ठाऊक आहे: त्या पांढुरक्या पाण्यात पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू आहेत. पण त्यांचं नदीत पुढे काय होतं, हे नीट कळायला आपल्यालाही एकविसावं शतक उजाडावं लागलं. रोग्याच्या पोटातून नुकतेच बाहेर पडलेले जंतू प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतूंपेक्षा कित्येक पटींनी जास्त लागट असतात. बांगलादेशातल्या रुग्णांकडून घेतलेले जंतू उंदरांच्या पिलांना देऊन हे पाहिलं गेलं. पाण्यात पडल्यावरही हा जोर निदान पाचेक तास टिकतो, मग ओसरतो. नदीत त्यांना पोटातल्यासारखं खाद्य मिळत नाही. शिवाय जंतूंनाच खाऊन वाढणारे विषाणू तिथे असतात. जंतुशास्त्रज्ञ हॅन्किन यांनी 1896 साली गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात असं नोंदवलं होतं, आणि पाणी उकळलं की त्याचा हा गुण जातो हेही. त्यामागे हेच विषाणू असावेत, असं पुढे मानलं गेलं.

म्हणजे नदी जंतूंना थकवते, पण तिला तास लागतात. धोतर आणि घागर यांच्यात वीस पावलं आहेत. मला या काठावर सगळ्यात भयंकर वाटतं ते हेच अंतर.

आणि पुढे खाडी आहे. तिथल्या मचूळ पाण्यात हे जंतू बारीक जलजीवांच्या कवचांना चिकटून मुक्काम ठोकू शकतात. म्हणूनच तुमच्या शेजारची बाई साडीचा पदर चार घड्या करून घागरीच्या तोंडावर धरते तेव्हा तिला थांबवू नका; त्या घड्यांत हे जलजीव अडकतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशातल्या अभ्यासात, जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकी जवळपास निम्म्यावर आली होती.

मचवा सुटतोय. उतारू दाटीनं बसलेत, एक जण पोट धरून वाकलाय. त्या ऑगस्टमध्ये मुंबईत नोंदला गेलेला पहिला रोगी पनवेलहूनच आलेला होता.

चला, परत. गाढी आजही तशीच वाहते, काठावर आता इमारती आणि झोपड्या आहेत. पावसात नळाचं पाणी गढूळ आलं तर ते खळखळ उकळूनच प्या. घरात कुणाला पाण्यासारखे जुलाब सुरू झाले तर त्याचं पाणी तोडू नका. जलसंजीवनी पाजत राहा, दवाखाना गाठा, आणि त्याचे कपडे नदीत, तळ्यात किंवा विहिरीपाशी धुऊ नका.